एकच आकडा दोनदा

रविवार, २३ एप्रिल २०२३, दुपारची वेळ. आकडा १८०४२०२३. हजर तिघे: आत्या, मी आणि खातेगांवहून आलेला माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो. जागा देवासची, टेकडीखालच्या गल्लीतलं आत्याचं दोन खोल्यांचं घर. वीज गेलेली होती.

नोकरी लेखा शाखेतली, त्यामुळे कुठलीही गोष्ट मी अशीच सुरू करतो. पण हा आकडा रुपयांचा नाही. ती माझ्या नातीची जन्मतारीख आहे: अठरा, शून्य चार, दोन हजार तेवीस, मधल्या रेघा काढून सलग लिहिलेली. एक कोटी ऐंशी लाख बेचाळीस हजार तेवीस.

बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून आत्यानं नाव सांगायचं, हे सगळ्यांकडे असतं. आमच्या आत्यानं त्यात स्वतःची भर घातली होती. ती देवासला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, लग्न केलं नाही, आणि आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला ती नावानंतर त्याचा आकडा सांगायची. आकडा आणि त्याचे मूळ अवयव, म्हणजे ज्या संख्यांचे आणखी तुकडे होत नाहीत अशा संख्यांचा गुणाकार. माझा आकडा १६०८१९७१, तो तीननं जातो. दादा सम सालातला, माझा मुलगाही. सम सालात जन्मलेल्यांचा आकडा दोननं जाणारच, त्यामुळे आत्याला त्यांच्यात फारसा रस नसे. "तुम्ही जन्मतःच अर्धे झालेले," ती दादाला म्हणायची, आणि दादा दर वेळी तेवढाच चिडायचा.

तिला हवी होती एक मूळ संख्या. एक आणि स्वतः, यांखेरीज कशानंही भाग न जाणारा आकडा. शाळेत ती त्याला अभाज्य म्हणायची, घरी मूळ. एवढ्या वर्षांत आमच्या घरात एकही मूळ संख्या जन्माला आली नव्हती. नात झाल्याचा फोन केला तेव्हा वजन, रंग, कुणावर गेली, यातलं काही न विचारता आत्या म्हणाली, "तेवीस साल. शेवटी तीन. आशा आहे."

माझ्या मुलानं मोबाइलवर क्षणात सांगतो म्हटलं. आत्या म्हणाली, "मोबाइललाच विचारायचं तर बारसंही त्यालाच करू दे. पेढे पण तोच खाईल."

काम मोठं होतं. या आकड्याचं वर्गमूळ सव्वाचार हजारांच्या जरा आत येतं. म्हणजे तिथपर्यंतची प्रत्येक मूळ संख्या घालून पाहायची. कुठंच भाग गेला नाही तर आकडा मूळ. शेकडो भागाकार. एरवी ती ते एकटी करायची, रोज थोडे थोडे. या वेळी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, समोरचा कागद दिसत नव्हता. म्हणून ठरलं असं की ती संख्या सांगणार, मी भागाकार करून बाकी सांगणार.

पण त्या दिवशी दादा आकड्यासाठी आला नव्हता. आत्या ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी. महिन्यापूर्वी तिच्या गॅसवरचं दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि वास शेजाऱ्यांना आला. शेजारी फोन करणार दादाला, दादा खातेगांवहून बस धरून येणार, असं दोनतीनदा झालं होतं. त्याचं म्हणणं, आत्याचं डोकं आता साथ देत नाही. घर भाड्यानं द्यावं आणि तिला धारला माझ्याकडे न्यावं. आत्याला देवास सोडायचं नव्हतं. तिनंच अट घातली.

"पोरीचा आकडा मी शेवटपर्यंत नीट नेला," ती म्हणाली, "तर तुम्ही दोघं हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि चुकलीस तर?" दादानं विचारलं.

"तर माझी पेटी तूच उचल."

आम्ही सुरुवात केली. तीन, सात, अकरा. सातानं बाकी सहा. ती डोळे मिटून बसली होती, पदराच्या टोकानं वारा घेत. मी बाकी सांगायचो, ती मान हलवायची, पुढची संख्या सांगायची. एका लयीत चाललं होतं. मी हिंदी शाळेत शिकलो. घरात मराठी, पण हिशेब हिंदीत. तिसाच्या पुढे गेलो की तोंडातून हिंदीच आकडे येतात. आत्या मधूनमधून दुरुस्त करायची. "तिरपन नाही रे, त्रेपन्न. तीन आणि पन्नास, ऐकूसुद्धा येतं."

त्रेपन्ननं भागून बाकी अठ्ठावीस आली. पुढची संख्या तिनं सांगितली. मी लिहिलं ६१. भागाकार केला, बाकी त्रेपन्न. तिनं मान हलवली आणि पुढची संख्या सांगितली: एकसष्ट.

मी थांबलो.

"आत्या, हे झालं."

"काय झालं?"

"एकसष्ट. आत्ताच झालं. तू दोनदा सांगितलंस."

"नाही रे. तो वेगळा, हा वेगळा."

"वेगळा कसा? इथं लिहिलंय मी."

तिनं डोळे उघडले, पण बघितलं माझ्या दिशेनं, माझ्याकडे नाही. "आधीची बाकी किती आली?"

"त्रेपन्न."

"आणि आत्ताची?"

"तीच येणार ना आत्या. आकडा तोच आहे."

"मग पोरीच्या आकड्यातून त्रेपन्न वजा कर आणि दोघांनी भाग घालून बघ. जायला हवा. नाही गेला तर तुझं चुकलंय."

"दोघांनी म्हणजे कुणाकुणानी? एकच आहे तो!"

दादा खिडकीत बसला होता, तो हसला. वाईट हसला नाही, दमलेला माणूस हसतो तसं हसला. "अब रेन दो भिया," तो मला म्हणाला. मग आत्याला, "झालं ना आत्या? पुरे आता. ऊन बघ किती आहे."

आत्याचे ओठ हलत होते, ती मनात काहीतरी पुन्हा म्हणून बघत होती. मग म्हणाली, "असेल. सांगितला असेल दोनदा."

कोणते दोन ते तिच्याकडून सावकाश ऐकून वजाबाकी करून पाहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

ती मी केली नाही. मी नोकरीत कुणाचंही बिल एकदा तपासून सोडत नाही, लोक त्यावरून मला नावं ठेवतात. तिथं मात्र म्हातारीचा आकडा चुकला हे मला इतकं पटण्यासारखं वाटलं, की तपासायची गरजच वाटली नाही.

बारसं शनिवारी धारला झालं. नाव माझ्या मुलीनं सांगितलं, तीच बाळाची आत्या. मग सगळ्यांनी म्हाताऱ्या आत्याकडे पाहिलं. ती खुर्चीत बसून राहिली. "आकडा झाला नाही अजून," एवढंच म्हणाली. माझ्या घरातली ही पहिली मुलगी, जिच्या कानात आकडा गेला नाही.

आणि मी ती गोष्ट सांगत सुटलो. बायकोला सांगितली, मुलाला सांगितली, बदनावरच्या मावशीला फोनवर सांगितली: एकच आकडा दोनदा सांगितला बिचारीनं. प्रत्येक वेळी ऐकणारा हळहळायचा, आणि प्रत्येक वेळी आत्याला धारला आणणं थोडं अधिक योग्य वाटायचं. जूनमध्ये तिचं सामान आणलं. पेटी खरोखरच दादानं उचलली. देवासचं घर अकरा महिन्यांच्या करारानं बँकेत नव्यानं लागलेल्या एका मुलाला आणि त्याच्या बायकोला दिलं.

धारला आल्यावर तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं, हेही लिहायला हवं. पण तोपर्यंत तिनं आकडे सोडले होते. पूर्वी तिच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे एक परीक्षा असायची. जाणाऱ्या गाडीचा नंबर बघून ती लगेच तोडायची: तेरानं जातो, सतरानं जातो, हा जात नाही, हा छान आहे. आता गाड्या जायच्या आणि ती खाली बघून चालायची. दुधाचा हिशेब मी तिच्यापुढे मुद्दाम ठेवला तर "तूच बघ" म्हणायची. भेटायला आलेली सून एकदा गमतीनं म्हणाली, "आत्याजी, मेरी गाड़ी का नंबर बताओ ना, अच्छा है कि नहीं?" आत्या म्हणाली, "आता माझं काही खरं नाही गं." सुनेला ते मराठी पूर्ण कळलं नाही. मला कळलं, आणि मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

मग गणपती आले. इथल्या मराठी मंडळात एका संध्याकाळी हौजी असते. पोरांचं मराठी सुधारावं म्हणून नियम केलाय, की आकडे मराठीतच पुकारायचे. पोरं ओरडतात, मोठे हसतात, खेळ सुरू होतो. पुकारायला जुन्या वळणाचं मराठी बोलणारे एक आजोबा होते. आत्या पहिल्या रांगेत बसली होती, तिकीट न घेता.

माझ्या तिकिटाच्या मधल्या ओळीत एकच आकडा उरला होता, ६१. आजोबांनी पिशवीत हात घातला, सोंगटी काढली, डोळ्यांजवळ धरली आणि पुकारलं. मी खट्‌कन काट मारली आणि उठून ओरडलो, "मधली ओळ!"

तपासायला एक कॉलेजचा मुलगा आला. त्यानं तिकीट पाहिलं, फळा पाहिला. "काका, इकसठ तो आया ही नहीं."

"आत्ता आला. आत्ताच पुकारला!"

आजोबांनी सोंगटी उलटी करून सगळ्यांना दाखवली. ५९. "एकोणसाठ म्हणालो मी," ते म्हणाले. "एकोणसाठ म्हणजे उनसठ. इकसठ नव्हे. साठाला एक कमी, साठाच्या पुढे एक नाही."

"बोगी! बोगी!" माझा दावा बाद झाला म्हणून पोरं नाचायला लागली. बायको पदरात तोंड लपवून हसत होती. "अहो, सासरेबुवा वर बसून कपाळाला हात लावत असतील." कुणीतरी मागून म्हणालं, "लेखा शाखेवाले हैं भिया, सरकार का क्या होगा!" मीही हसायला तोंड उघडलं.

आत्या वळून माझ्याकडे बघत होती. आता तिला दिसत होतं.

एकोणसाठ. हिंदी कानाला ते इकसठसारखं लागतं. पुढे "एक", मागे "साठ". माझ्या कानानं मधला "ऊण" गिळला आणि एक वजा करायच्या ऐवजी मिळवला. सगळ्यांच्या हसण्यात उभा असताना मला ती देवासची दुपार ऐकू आली. त्रेपन्नच्या पुढची मूळ संख्या कोणती? एकोणसाठ. आत्यानं एकोणसाठ म्हटलं होतं. मग म्हटलं होतं एकसष्ट. तो वेगळा, हा वेगळा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी भागाकार केला. १८०४२०२३ भागिले ५९. आले ३०५७९७, बाकी शून्य. भाग नुसता गेला नव्हता, स्वच्छ गेला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी उत्तरालाच पुन्हा ५९ नं भागलं. आले ५१८३. बाकी पुन्हा शून्य.

तो आकडा दोनदा होता. माझ्या नातीच्या आकड्यात एकोणसाठ दोनदा होता, आणि मी गावभर सांगत होतो की म्हातारी एकच आकडा दोनदा सांगते. डबा तसाच झाकून ठेवला.

लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न देवासच्या घराचा होता. घरात भाडेकरू होते, करार होता, दादा होता. मी स्वतःला सांगत राहिलो की गणपती उठू देत, मग बघू. विसर्जन झाल्यावर एका सकाळी आत्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती, तेव्हा मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"आत्या, त्या दिवशी तू दोनदा सांगितलं नव्हतंस."

"माहीत आहे."

"एकोणसाठ म्हणाली होतीस. मी इकसठ ऐकलं."

"मंडळातच कळलं मला. तू कधी सांगतोस ते बघत होते." तिनं तांब्या खाली ठेवला. "तोपर्यंत मात्र मला वाटत होतं की मीच गेले. रात्री झोपताना पाढे म्हणून बघायचे, शाबूत आहे का ते. म्हणताना चुकत नव्हते. पण मग वाटायचं, चूक झाली तरी आता मला कळणार कशी?"

काय बोलायचं असतं अशा वेळी, ते मला येत नाही. मी आकडेच सांगितले. "एकोणसाठनं जातो आत्या. दोनदा जातो. एक्कावन्नशे त्र्याऐंशी उरतात. पुढे मी केलं नाही."

"कागद नको," ती म्हणाली. "बाहत्तरचा वर्ग किती?"

"एक्कावन्नशे चौऱ्याऐंशी."

"आणि तुझा आकडा?"

"त्याहून एक कमी."

"वर्गातून एक कमी म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन. एकाहत्तर आणि त्र्याहत्तर. दोन्ही मूळ." तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. "एकोणसाठ, एकोणसाठ, एकाहत्तर, त्र्याहत्तर. अरे, काय आकडा आहे! दोन जुळे आणि दोन शेजारी."

"पण मूळ नाही निघाला."

"न निघू दे. असा आपल्या घरात कुणाचा आहे? तुझा बघ, तीननं जाणारा." मग तिनं पुन्हा तांब्या उचलला आणि कुंडीकडे बघत विचारलं, "एकाहत्तर गुणिले त्र्याहत्तर एवढेच होतात ना रे? जरा करून बघ."

पूर्वी तिनं असं कधी विचारलं नव्हतं. मी गुणाकार करून दाखवला. मग ती म्हणाली, "आता माझं घर."

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "भिया, एका आकड्यावरून घर भाड्यानं दिलं नव्हतं आपण. दूधही उतू गेलं होतं."

"दूध माझ्याकडूनही उतू जातं दादा. मला कुणी देवासला नेत नाही."

"तुला कोण ठेवून घेणार?" तो म्हणाला, आणि पुढे, "शेजारच्यांना चावी देऊन ठेव एक. आणि गॅसला ते आपोआप बंद होणारं लाव."

भाडेकरू मुलाला भेटायला मी देवासला गेलो. तो म्हणाला, "अंकल, ग्यारह महीने का बोला था आपने." बरोबर होतं, मी तसंच बोललो होतो. त्याच्या बायकोनं खिडकीत नवे पडदे लावले होते, ते बघून मला दुसऱ्यांदा लाज वाटली. एक चूक दुरुस्त करायला मी आणखी दोघांना उठवत होतो. त्यांना जवळच्या गल्लीत दुसरी जागा मिळेपर्यंत दिवाळी झाली. दिवाळीला मुलगा, सून, नात धारला आली होती. आत्यानं पोरीला मांडीवर घेतलं, आधी नाव म्हणाली आणि मग आकडा, सगळे अवयव क्रमानं. पोरीनं तिची चष्म्याची दांडी ओढली. आत्या पुटपुटली, "एकोणसाठ दोनदा, हं. दोनदा आहे तो," आणि माझ्याकडे बघितलं नाही.

भाडेकरूला अनामत दहा हजार परत केली, नव्या घराच्या दलालीचे चार हजार दिले, त्याचं सामान हलवणाऱ्या टेम्पोचे आणि आत्याचं सामान धारहून नेणाऱ्या टेम्पोचे वेगळे. आत्याला काय देणं लागत होतो, त्याचा हिशेब मला येत नव्हता. तिनंच सोपं केलं. देवासला सामान लावून झाल्यावर ती पलंगावर बसली आणि हात पुढे केला.

"माझी फी."

"कसली?"

"मराठी आकडे शिकवल्याची. एकोणसाठ रुपये. मोजून दे, इकसठ देशील."

मी पन्नासची नोट दिली, पाचचं एक नाणं, दोनची दोन. तिनं ती मांडीवर ओळीनं मांडली आणि बोटानं एकेक पुढे सरकवत मोजली.

"एकोणसाठ," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बरोबर म्हटलं ना रे?"

मी बरोबर म्हणालो. तिनं पुन्हा एकदा मोजले.